सांगलीच्या काकांचं सुतक

मी कॉलेजात कॉमर्स शिकवतो. खर्चावर ताबा कसा ठेवावा हा धडा दर वर्षी पोरांना इतक्या तळमळीने समजावतो की शेवटच्या बाकावरची झोपलेली मंडळीसुद्धा जागी होतात. आणि ह्याच गृहस्थाने, म्हणजे मी, पर्सनल लोन काढून हॉलला फॉल्स सीलिंग आणि स्वयंपाकघराला मॉड्युलर किचन करून घेतलं. का, तर पुण्याच्या मेहुण्याकडे ते होतं. हप्ते जड झाले तेव्हा क्रेडिट कार्ड वापरलं, कार्ड जड झालं तेव्हा दुसरं कार्ड घेतलं. एखाद्या पोराने पेपरात असलं काही लिहिलं असतं तर मी त्याला नापास करून वर बापाला बोलावून घेतलं असतं.

शेवटी बायकोला सांगावंच लागलं. तिने आधी सीलिंगकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "फेडायचं कसं ते बोला." मग काय, मी वर्गात उभा असल्यासारखा सुरू झालो. पेपर बंद, कॉलेजात वाचायचा. स्कूटर बंद, सिटी बसने जायचं. रविवारचा मसाला दोसा बंद. कॉफी पावडरीत चिकोरी वाढवायची. तिच्या केसातला मल्लिगेचा हातभर गजरा फक्त सणावाराला. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. सगळं ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाली, "बाकी काय वाटेल ते कापा. माझं नवरात्र तेवढं सोडा."

तिचं नवरात्र म्हणजे काय ते सांगायला हवं. म्हैसुरात नवरात्रात घरोघरी पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात. सगळ्यात वरच्या पायरीवर राजा-राणीची लाकडी जोडी, पट्टद गोंबे. ही जोडी मुलीला लग्नात माहेरून मिळते. आमचे पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. घट बसवणं त्यांनी सोडलं नाही आणि शेजारी बाहुल्याही मांडायला लागले. बायकोची जोडी तिच्या आईने दिलेली. आई आता नाही. लग्न झाल्यापासून एकही नवरात्र तिने ती जोडी मांडल्याशिवाय जाऊ दिलेलं नाही. संध्याकाळी गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला येतात, पोरं बाहुल्या बघायला येतात आणि त्यांच्या हातावर रोज नवा खाऊ ठेवायचा असतो. मग ती स्वतः इतरांकडे जाते. एरवी पाठदुखी, गॅसचा नंबर आणि माझी कटकट ह्यांत अडकलेली ही बाई त्या दिवसांत गुणगुणत फिरते. मी तिला शब्द दिला, अगदी मनापासून दिला.

आणि नवरात्राच्या आदल्या दिवशी फाटकाशी उभा राहून मोडला.

झालं असं. मी बसमधून उतरून घामाघूम येत होतो. मोबाइलवर नुकतंच कार्डाचं बिल येऊन पडलं होतं. शेजारच्या टीचर तुळशीला पाणी घालत होत्या. ह्या टीचर म्हणजे सरकारी शाळेतून रिटायर झालेल्या बाई. कुवेंपुनगरातल्या आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना त्यांनी बाराखडी शिकवली आहे. गुडघे गेलेत, म्हणून त्यांच्या बाहुल्या दर वर्षी माझी बायकोच मांडून देते, आपल्या मांडायच्या आधी. बायकोला त्या लेक म्हणतात. त्यांनी सहज विचारलं, "काय, माळ्यावरून पेट्या उतरवल्या का?"

यंदा थोडक्यात करणार आहोत, एवढं म्हणायचं होतं. पण ह्याच टीचरना मी सीलिंगचे दिवे लावून, मालवून, रंग बदलून दाखवले होते. त्यांना कसं सांगणार की त्या दिव्यांखाली आता चुरमुरे वाटायलाही जड जातंय? तोंडातून भलतंच निघालं.

"यंदा नाही, टीचर. सुतक आहे."

"अय्यो, यारु?"

कोण, ह्याची तयारी मी केलेली नव्हती. "काका," मी म्हटलं. "सांगलीचे."

सांगली मी जन्मात पाहिलेली नाही. तिथे आमचं कोणी नाही, असलं तरी आम्हाला ठाऊक नाही. पण आम्हा म्हैसूरच्या मराठी लोकांची ही एक सोय आहे. इथल्या माणसाला मारावं तर तो संध्याकाळी देवराज मार्केटात वांगी निवडताना सापडतो. महाराष्ट्रातल्या माणसाला मारलं तर बघायला कोण जाणार? शिवाय काका भावकीतले, म्हणजे सुतक पूर्ण दहा दिवसांचं. नवरात्र आरपार. आपण काय डोकं चालवलं, असं मला वाटलं. घरात शिरताना मी चक्क शीळ घालत होतो.

पाठोपाठ बायको भाजी घेऊन आली. पिशवी खाली न ठेवताच विचारलं, "टीचर माझ्यापासून लांब सरकल्या. म्हणाल्या, अंघोळ झाली का. तुमचे कोण काका सांगलीला?"

"तसे कोणी नाहीत."

"मग वारले कसे?"

मी बिलाचं सांगितलं, सीलिंगचं सांगितलं, बोलून गेलो म्हणालो. "तू जाऊन सांग हवं तर, की चुकून बोलले," असंही म्हणालो. ते म्हणताना मला माहीत होतं की ती जाणार नाही. नवरा खोटारडा आहे हे गल्लीभर करण्यापेक्षा ती गप्प बसेल, ह्याचा हिशेब माझ्या कॉमर्सच्या डोक्याने आधीच करून ठेवला होता. तिने पिशवी ओट्यावर ठेवली. "मांडल्या तरी पाप, नाही मांडल्या तरी पाप," म्हणाली आणि भेंडी पुसायला बसली.

पेट्या माळ्यावरच राहिल्या.

पुढचे दिवस काटकसरीच्या दृष्टीने नुसते सोन्याचे होते, हे नाइलाजाने कबूल करतो. लोक दारापर्यंत येत, हळहळत आणि जात. सुतकाच्या घरात पाणीसुद्धा घ्यायचं नाही, म्हणून कॉफी वाचली. पलीकडच्या बँकवाल्यांनी माझ्या गुळगुळीत गालाकडे रोखून पाहिलं, म्हणून दाढी सोडली. ब्लेडही वाचलं. काका मात्र दिवसेंदिवस मोठे होत चालले. पहिल्या दिवशी त्यांना नुसतं वय होतं. मग बीपी आलं, उसाचं शेत आलं, एक मुलगा अमेरिकेला गेला आणि वेळेवर पोचला नाही. त्या मुलाचं सांगताना एकदा मी खरंच डोळे पुसले. कॉलेजात तर प्रिन्सिपॉलनी रजा देऊ केली. मी म्हटलं, नको, कामात मन रमतं.

एका दुपारी दोशाची तल्लफ अनावर झाली. सुतकातला माणूस कुवेंपुनगरात दोसा खाताना दिसला तर संपलंच. म्हणून मी बस धरून थेट शहराबाहेर येलवालला गेलो आणि रस्त्याकडेच्या हॉटेलात तोंड भिंतीकडे करून मसाला दोसा खाल्ला. जाण्यायेण्याचं तिकीट आणि वर कॉफी धरून तो दोसा मला नेहमीपेक्षा दुप्पट महाग पडला. हे गणित मी परतताना बसमध्ये केलं. कॉमर्सचा माणूस आहे.

संध्याकाळी मात्र घरात बसवत नसे. नटूनथटून पोरं गल्लीतून जात, आमच्या फाटकाशी आली की आवाज खाली करत आणि पुढे सरकत. कोणीतरी मोठ्याने शिकवलं असणार त्यांना. बायको तेवढ्या वेळात खिडकी लावून घेई. दार बंद करून देवापाशी दिवा लावी, मग टीव्ही लावी, त्याचा आवाज बंद ठेवी आणि समोर बसून राही. मी एकदा म्हटलं, "पुढच्या वर्षी दणक्यात करू." ती म्हणाली, "सुम्ने असा." म्हणजे गप्प राहा. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुतक फिटलं. मी दाढी केली, कार्डाचे किमान पैसे भरले आणि खुशीत येऊन म्हटलं, "सुटलो बघ." तेव्हा ती म्हणाली, "आता टीचरकडे जा आणि खरं काय ते सांगून या."

"आता कशाला? संपलं की सगळं."

"टीचर त्या काकांच्या नावाने देवळात अन्नदानाला पैसे देणार आहेत. पेन्शनचे. मला विचारत होत्या, नाव काय त्यांचं." ती प्रथमच माझ्यावर ओरडली. "काय सांगू मी नाव? तुम्हीच ठेवा आणि तुम्हीच जाऊन सांगा."

गेलो. टीचर खुर्चीत बसून बाहुल्या जुन्या कापडांत गुंडाळून ठेवत होत्या. वरच्या दोन पायऱ्या रिकाम्याच दिसल्या, पहिल्यापासून रिकाम्या असाव्यात, कारण तिथल्या कापडावर एकही सुरकुती नव्हती. मी उभ्याउभ्याच कन्नडमध्ये सांगून टाकलं. काका नाहीत. कधीच नव्हते. कर्ज आहे, पैसे नव्हते. हेच मराठीत बोललो असतो तर इकडून तिकडून फिरवून आणलं असतं, माझं कन्नडही चांगलं आहे, पण त्यांच्यासमोर ते शाळेतल्या पोरासारखं सरळ बाहेर पडलं.

मला वाटलं, आता कानउघाडणी होणार. ती मी मनाशी धरूनच आलो होतो.

"पैसे नव्हते," त्या म्हणाल्या. "एवढंच?"

"एवढंच."

हातातला हत्ती त्यांनी मांडीवर ठेवला. "पहिल्या दिवशी सकाळी ती आली होती," त्या म्हणाल्या. "मला एकटीला मांडता येणार नाही म्हणून. मीच म्हटलं, अल्ले निल्लम्मा, तिथंच थांब. उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगत होती, हे डावीकडे, ते पुढे. मी स्टुलावर चढायला गेले आणि माझा तोल गेला, तशी ती धावत आत आली मला धरायला." हत्तीवरची धूळ त्यांनी पदराने पुसली. "मी ओरडले तिच्यावर. शिवू नकोस म्हटलं. तिने हात मागे घेतला, बाहेर गेली आणि परत उंबऱ्यापलीकडे उभी राहिली."