पॅट्रिकच्या सणाला मी काय करून बसलो

मंडळी, शिव्या द्या, पण शेवटपर्यंत वाचून द्या.

आज सेंट पॅट्रिक डे, आयरिश लोकांचा हिरव्या रंगाचा सण. दुबईतल्या आमच्या हॉटेलात सकाळपासून सगळं हिरवंगार. दुपारी बघतो तर आमचा आयरिश मॅनेजर रिसेप्शनवरच्या जॉयसच्या कोटाला तीन पानांची हिरवी पिन लावतोय आणि ती हसतेय. जॉयस वसईची. माझं तिच्यावर प्रेम आहे, हे तिच्यासकट सगळ्यांना माहीत आहे.

माझं डोकं सटकलं. मॅनेजर वळताच मी ती पिन ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "गोऱ्याकडून सजायची फार हौस ना तुला?"

तिने डब्यात हात घालून पिन काढली, पुसली. "मीच मागून घेतली होती. पॅट्रिक माझ्या पप्पांचं नाव. ते गेल्यापासून त्यांच्या नावाचा हा पहिलाच सण. खलास, आता माझ्याशी बोलू नकोस."

या सेंट पॅट्रिकची गोष्ट मला तिनेच सांगितली होती. पोरवयात त्याला पळवून आयर्लंडमध्ये गुलाम केलं, मेंढ्या राखायला लावल्या. तो निसटून घरी पोचला आणि पुढे देवाचं सांगायला त्याच लोकांत परत गेला.

"येडा होता का?" मी हसलो होतो.

"तुझ्यासारखा भडकू नव्हता."

मी भडकून कॉलेज सोडलं, ते पुन्हा तिकडे फिरकलोच नाही. परत जायची मला सवयच नाही. तरी आत्ता चर्चच्या फाटकाशी उभा आहे. आत तिच्या पप्पांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, चालू आहे.

ती बाहेर आली की पहिलं वाक्य काय बोलू? सॉरी सोडून सांगा, ते तिने दुपारी ऐकूनच घेतलं नाही.