पांदणीवरचा टॉवर

आमच्या रिठद गावात विमान उतरत नाही, डोक्यावरून जाते. तरी विमानाचे किस्से आमच्याजवळ इतके साठलेत, की एक सांगायला घ्यावा तर मागचा हॉर्न वाजवतो. आणि मी तिखटमीठ लावत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच!

मूळ कारण माझा भाचा विलास. दूरच्या एका विमानतळावर टॉवरमध्ये ट्रेनिंगला. विमान जमिनीवर चालत रनवेपर्यंत जाते, त्याला टॅक्सी म्हणतात. कोणी कुठून टॅक्सी करायची, कुठे थांबायचं, हे रेडिओवर सांगायचं काम. परीक्षेत एकदा नापास झाला. आता एकच संधी, नाहीतर बिस्तरा गुंडाळून घरी.

"मामा, मले नाही म्हनता येत नाही," तो म्हणाला. "पायलटनं जरा गोड बोललं का मी हाव म्हनून टाकतो."

अख्खं गावच असं आहे, पोराचा काय दोष! म्हटलं, सुटीभर इथंच प्रॅक्टिस कर.

सोयाबीन निघालं होतं. रानडुकरं हाकलायची मचाण झाली टॉवर. शेताजवळची पांदण, म्हणजे गाडीवाट, झाली रनवे. नाल्यापासून सुरू, मधोमध बाभूळ, अन् शेवटी डांबरी रस्त्यावर जाणारा उभा चढ. विमानं तीन: किसनरावचा ट्रॅक्टर, नामदेवचा ट्रॅक्टर आणि संत्र्यांचे व्यापारी रशीदभाई यांचा पिकअप. रेडिओ म्हणजे मोबाईलवर सगळ्यांचा मिळून एक कॉल.

*

पहिला नियम असा, की टॉवरनं सांगितलेलं पायलटनं जसंच्या तसं परत म्हणायचं.

"रशीदचाचा, नाल्याकडून टॅक्सी करा, पांदणीच्या अलीकडे थांबा."

"हाव."

"हाव चालत नाही, चाचा. पूर्ण म्हना."

"अरे बेटा, हावमंदी समदं आलं ना!"

"नाही आलं."

दोन दिवसांत रशीदभाईंना अशी सवय लागली, की चाचीचा फोन आला तेव्हा भर बाजारात खणखणीत आवाजात म्हणाले, "दही, कोथिंबीर, अम्मीची गोळी घेऊन सीधा घरी येतो, रस्त्यात कुठीच थांबत नाही!"

मग चाचीनं हळूच विचारलं, "काय करून ठेवलं तुमी?"

*

दुसरा नियम कडक. 'टेक-ऑफ' हा शब्द खरोखर उडायची परवानगी देतानाच उच्चारायचा. एरवी म्हणायचं 'डिपार्चर'. नाहीतर कोणी अर्धवट ऐकून सुटायचा!

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मचाणीखाली चहा पिता पिता मी सहज विचारलं, "काहून रे विलास, किसनरावचा टेक-ऑफ कधी हाय?"

फोन चालूच होता. किसनराव सुटले ते थेट चढ चढून डांबरी रस्त्यावर! तिथून त्यांचा फोन, "आता उतरायचं कुठी, ते सांग."

*

किसनराव अन् नामदेव यांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण. कित्येक वर्षं बोलचाल नाही. नेमके दोघांचे ट्रॅक्टर वळणावर समोरासमोर आले.

विलास म्हणाला, "किसनकाका, समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरले रस्ता द्या."

"त्याले? हे विमान मोडून टाकीन, पन रस्ता देनार नाही!"

"मंग दोघंही जागेवर थांबा."

थांबले. विलासला त्याच्या आईनं जेवायला हाक मारली अन् तो खाली उतरला. जेवण झालं, पान झालं, डोळा लागला. परत येऊन पाहतो तर दोघे एकाच ट्रॅक्टरच्या सावलीत बसलेले. इतक्या वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलून राह्यले होते, अन् विषय एकच. टॉवरवाला किती नालायक आहे!

*

आता खरी गोष्ट. विमान रनवेच्या टोकापासून न निघता मधल्या फाट्यावरून निघते, त्याला इंटरसेक्शन डिपार्चर म्हणतात. वेळ वाचतो, पण पुढं रनवे कमी उरतो. किती उरतो ते टॉवरनं नीट सांगायचं, अन् जमत नसेल तर नाही म्हणायचं. विलास नापास झाला तो इथंच.

संत्र्यांनी भरलेला पिकअप घेऊन रशीदभाई बाभळीपाशी आले. "बेटा, नाल्यापर्यंत कायले पाठवतो? इथूनच सोड ना."

"चाचा, चढाले धाव कमी पडन."

"तुले कडेवर खेळवलं बे म्या!"

विलास विरघळला. "बरं, या."

पिकअप अर्धा चढ चढला, थांबला, विचारात पडला आणि मागे आला. मागचा फाळका उघडला. अख्खी पांदण नारिंगी! संत्री बिनपरवानगी टॅक्सी करत बाभळीपर्यंत गेली. कोणाच्या तरी बकऱ्या धावून आल्या, त्यांनाही कोणी क्लिअरन्स दिला नव्हता.

रशीदभाई चिडले नाहीत. एक संत्रं पुसून विलासच्या हातात दिलं. "खाय. अन् याच्यापुढं मलेही नाही म्हनत जाय."

*

परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे मचाणीखाली जमलो. दुपारनंतर विलासचा फोन आला, नेहमीसारखा सगळ्यांचा मिळून एक कॉल.

"एका पायलटनं लय गोड आवाजात मधल्या फाट्यावरून डिपार्चर मागतलं. मी नाही म्हनलं. सांगतलं, टोकापर्यंत टॅक्सी करा अन् रनवेच्या अलीकडे थांबा."

"मंग?"

"तो नुसता 'रॉजर' म्हने, म्हंजे समजलं. मी म्हनलं, परत म्हना. पुन्हा 'रॉजर'! परीक्षक बाजूलेच बसून. घाम फुटला, मामा. अन् तोंडून निघून गेलं, 'हाव चालत नाही, चाचा!'"

मचाणीखाली सगळे फोनजवळ सरकले.

"परीक्षकानं वळून पाह्यलं. तेवढ्यात पायलटचा आवाज आला. 'टोकापर्यंत टॅक्सी करतो, रनवेच्या अलीकडे थांबतो, अन् भाऊ, आमी तुमच्याकडच्याच धनज गावचे हाओ, पुन्हा नाही चुकनार.'"

"अरे, पन निकाल?" मी ओरडलो.

"पास झालो, मामा!"

"हाव," रशीदभाई म्हणाले.

मग विलासचा टॉवरचा आवाज आला, "चाचा...?"

रशीदभाईंनी घसा साफ केला.

"विलास पास झाला. रशीद बाभळीपाशी थांबला. म्होरच्या हुकमाची वाट पाहून राह्यला!"