आठ बटणांची पेटी

लिफ्ट दुरुस्त करणारा आमचा काका एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. दोन वर्षं खपून त्यानं घरीच वाजवायच्या कीबोर्डला जोडायची एक पेटी बनवली. आठ दिवे, प्रत्येकाखाली आवाज ठरवणारं एक फिरवायचं बटण. दिवे एकामागून एक लागायचे, तसा कीबोर्डचा आवाज कधी रजईत तोंड खुपसल्यासारखा दबायचा, कधी लख्ख उघडायचा. पण आज मनासारखी जमलेली चाल उद्या भलतीच वाजायची. काका चिडून पेटी उघडायचा, सोल्डर केलेले जोड सोडवायचा, सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराच्या नावानं शंख करायचा.

मग काकू आठवडाभर बहिणीकडे गेली आणि पेटी शहाण्यासारखी वागू लागली. सोमवारची चाल शनिवारी जशीच्या तशी! तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. काकू रोज टेबलाबरोबर पेटीही पुसायची आणि फडक्यानं बटणं फिरायची.

मला वाटलं, सुटला एकदाचा. पण काका घरभर येरझाऱ्या घालत होता. शेवटी त्यानं काकूला फोन लावला.

"कधी येतेस?"

"का हो, पेटी पुन्हा बिघडली?"

"बिघडत नाहीये ना!" काका करवादला. "सहा दिवस तेच ऐकतोय. धूळ साचलीय तिच्यावर. ये आणि पूस."