डुकरीची गार खोप

मला लिहिता येत नाही. मी सांगते आणि माझा धाकटा मुलगा लिहून घेतो. माझी बोली त्यानं जरा सरळ केली आहे, पण माणसं जशी बोलली तशीच ठेव, असं मी त्याला बजावलं आहे. यातलं बरंचसं त्यालाही आजवर ठाऊक नव्हतं.

आम्ही वडार. दगड फोडायचा आणि डुकरं पाळायची. सोलापुरात तेव्हा गिरण्यांची धुराडी जोरात होती, नवे रस्ते होत होते, खडी कितीही फोडली तरी कमीच पडायची. अक्कलकोटच्या रस्त्याला, शहराबाहेर एक खाण होती. तिच्या काठाला आमची वीसेक खोपटी. मी मैंदर्गीकडची. लग्न होऊन आले तेव्हा वडिलांनी माझ्याबरोबर डुकराचं एक मादी पिल्लू दिलं होतं. काळं कुळकुळीत, एका खांद्यावर पांढरा ठिपका. सासरी माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

ती डुकरी पहिल्यांदा व्याली तेव्हा ऐन उन्हाळा होता. सात पिल्लं झाली. तिसऱ्या दिवशी एकही उरलं नाही. तिची खोप म्हणजे दगडांच्या चार भिंती, वर पाचटाचा पातळ थर, दार पश्चिमेला, म्हणजे दुपारचं सगळं ऊन आत. डुकराला घाम येत नाही. ती बिचारी धापा टाकत उठायची, दुसऱ्या कुशीवर पडायची, पुन्हा उठायची. प्रत्येक वेळी एखादं पिल्लू अंगाखाली. मी वाचवायला जायचे तर माझ्यावरच धावून यायची. सासूला आमच्यात अत्ता म्हणतात. अत्तानं मेलेली पिल्लं पाटीत घातली आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाली, "पायगुनच असला. लेकाच्या संसाराला काय पुरणार ही?"

पुढच्या वर्षी डुकरी वैशाखात व्यायची होती, आणि मला सातवा महिना लागला होता. यंदा पिल्लं गेली तर हिला मैंदर्गीला धाडून देऊ, असं अत्ता बोलून दाखवू लागली.

माझे मालक वाईट नव्हते. पण आईसमोर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. ठेकेदाराची एक शेड मोडली तेव्हा ते दोन पत्रे डोक्यावर घेऊन आले. पाचट काढून टाकलं आणि पत्रे डुकरीच्या खोपीवर ठोकले. खुशीत होते. मी दुपारी आत हात घातला. चुलीवरच्या तव्याजवळ हात नेल्यासारखं झालं. डुकरी आत पाय ठेवीना. खाणीच्या तळाशी जरा ओल राहिली होती, तिथं जाऊन पडायची.

"पत्रा काडा तेवढा," मी संध्याकाळी म्हटलं. "आत भट्टी झालीया."

"गेल्या साली उनानं मेली म्हनूनच घातला न्हवं?" ते म्हणाले. "पक्कं छप्पर हाय. साऱ्या वस्तीत कुनाकडं हाय का असलं?"

"दुपारचं आत हात घालून बगा."

अत्ता खडीच्या ढिगावर बसली होती. ती म्हणाली, "तिच्या बाच्या घरी लई डुकरं हायत की. ती शिकवंल तुला. शीक."

त्यांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी कामावरून आले, पत्रे उचकटले. डुकरीला नको असलं तर माणसाला घालतो म्हणाले, आणि आमच्या राहत्या खोपीवरचं पाचट ओढून तिथं ते पत्रे बसवले. डुकरीची खोप मोकळी झाली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आपल्या डोक्यावर काय आलं, त्याचा विचारसुद्धा मला शिवला नाही.

मग मी खोपीच्या मागं लागले. वडिलांकडं पाहिलं होतं ते आठवत गेले. पश्चिमेचं दार दगडांनी बुजवलं आणि उत्तरेला नवं काढलं. आतली जमीन दोन वीत खोल खणली. वरचा तापलेला मुरूम निघाल्यावर खाली गार लागतो. माझं पोट पुढं आलेलं, वाकता येत नव्हतं, म्हणून गुडघ्यावर बसून पहार चालवली. छपराला तुराट्या, त्यावर पाचट, त्यावर कडुलिंबाचा पाला, हातभर जाड. भिंतींच्या वरच्या दगडांत फटी ठेवल्या, वारा इकडून तिकडं जाईल अशा. आणि आतून भिंतीला धरून, वीतभर जागा सोडून, मोठे दगड ओळीनं मांडले. आई भिंतीशी अंग टाकते तेव्हा पिल्लू दगडांमागच्या त्या वीतभर जागेत सरकतं आणि चिरडत नाही. एका कोपऱ्यात वाळका पाला टाकला, कारण डुकरी उकाड्यानं मरते पण दोन दिवसांचं पिल्लू गारठ्यानंही मरतं. आईला ओल हवी, पोरांना कोरडं हवं, आणि दोघांना एकाच खोपीत ठेवायचं.

पाण्याचे हाल होते. खाणीतली ओल आटली. मैलभरावर नाल्याच्या वाळूत आम्ही झरा खणला होता. घागर भरायला वाटीवाटीनं पाणी काढावं लागायचं. गिरणीचा पहिला भोंगा झाला की मी निघायची. दोन खेपा घरच्या, दोन डुकरीच्या. दुपारी गोणपाट भिजवून तिच्या मानेवर नि खांद्यावर टाकायचं, तासाभरानं पुन्हा. मला पाणी प्यायचं असलं तर अत्ता घागरीत डोकावून बघायची. डुकरीला घातलेलं पाणी मात्र ती मोजत नव्हती.

डुकरीनं तोंडानं पाला ओढून घर केलं आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती व्याली. नऊ पिल्लं. मी खोपीच्या दाराशी बसून होते. या खेपेला ती माझ्यावर धावली नाही. सावकाश एका कुशीवर पडून राहिली, मी मानेवर ओला हात फिरवला की हुंकार द्यायची. एक पिल्लू मेलेलंच जन्मलं. बाकीची आठ जगली. चौथ्या दिवसापासून प्रत्येकानं आपापलं थान धरलं, दुसऱ्याच्या थानाला तोंड लावायचं नाही. अत्तानं वस्तीभर गूळ वाटला. मला म्हणाली, "जमलं की गं तुला." एवढ्यानं मी इतकी फुलले, की आता त्याची लाज वाटते.

त्या दिवसांत दुपारी मी त्याच खोपीत पडायला लागले. आमच्या खोपीत पत्र्याखाली थांबवत नव्हतं. भाकरीचं पीठसुद्धा पाणी लावेपर्यंत गरम झाल्यासारखं वाटायचं. डुकरीच्या खोपीत ओल्या मुरमाचा गारवा, पाल्याचा वास, डुकरीचा संथ श्वास. मी दगडांच्या अलीकडं अंग टाकायची आणि पोटातलं लेकरू हळूहळू हलायला लागायचं. साऱ्या सोलापुरात त्या वेळी इतकी गार जागा साहेबाच्या बंगल्यातही नसेल.

माझे दिवस भरत आले. मृग निघाला तरी आभाळ कोरडंच होतं. मी मालकांना म्हटलं, "पत्रा काडा हो. निदान बाळ होईस्तोवर तरी."

ते आईकडं बघू लागले. अत्ता म्हणाली, "डुकरीवरनं काडायला लावला, आता हितनंबी काड म्हनती. पत्र्यानं काय हिच्या बाचं खाल्लंय?"

"मग मला त्या खोपीत निजू द्या," मी म्हटलं. "डुकरीला पिल्लांसकट चार दिस भायेर बांदा. मी आत नवा मुरूम टाकते, शेनानं सारवते."

"मानसाचं लेकरू डुकराच्या खोपीत जन्मायचं?" अत्ता ओरडली. "वस्ती तोंडात शेन घालंल. आनि पिल्लं भायेर उनात घालतीस व्हय? आट हायत. एक तरी ऱ्हाईल का?"

मी मालकांकडं पाहिलं. ते पहार उचलून खाणीकडं निघून गेले. सुटीचा दिवस होता, त्या दिवशी खाणीत काम नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी मला कळा सुरू झाल्या. पाणी घेऊन येताना वाटेतच पहिली कळ आली, तरी घागर मी पडू दिली नाही. बाळंतपण पत्र्याखाली झालं. शेजारची म्हातारी सुईण म्हणून आली होती, ती दर थोड्या वेळानं बाहेर जाऊन वारा घेऊन यायची. मला बाहेर जाता येत नव्हतं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा मुलगा झाला. चांगला टणक होता, रडला खणखणीत.

वस्तीच्या रिवाजानं दाराला गोणपाट लावलं, बाजेखाली शेगडी ठेवली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. मी शेगडी पायानं सारली तर अत्तानं पुन्हा आत ढकलली. दुसऱ्या दिवशी बाळाचं अंग तापलं. ओठ कोरडे पडले, टाळू खाली बसली. अंगावर घेतलं तर दोनदा ओढून सोडून द्यायचा. मी ओलं फडकं त्याच्या कपाळावर ठेवलं. अत्तानं काढून घेतलं.

"भिजवून मारतीस का? गारठंल न्हवं ते."

"त्येला उकडतंय, अत्ता. मला कळतंय. डुकरीचं बगून..."

"डुकरीचं सांगू नगंस!"

खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. लहान जिवाला ऊब लागते, हे मीच तर पिल्लांना पाला घालून शिकले होते. पण पिल्लांच्या कोपऱ्यात ऊब होती, भट्टी नव्हती. हे मला तेव्हा धड बोलता आलं नाही. उठून त्याला घेऊन बाहेर पडावं, खोपीत जाऊन निजावं, कोण काय करील, असं वाटत होतं. अंगात उठायचं बळ नव्हतं. बळ असतं तरी मी उठले असते का, ते मला अजून सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारचा भोंगा झाला. त्यानंतर तो रडला नाही.

मालकांनी त्याला खाणीपलीकडच्या माळावर पुरलं. माझ्या छातीत दूध दाटून दगड झाला होता. डुकरी दाराबाहेर आठ पोरांना पाजत आडवी पडलेली मला दिसायची. पाचव्या दिवशी अत्ता म्हणाली, डुकरी तहानेली हाय. मी घागर घेतली आणि नाल्यावर गेले.

लेकरू डुकरीजवळ निजलेल्या बाईचं होतं म्हणून गेलं, असं अत्तानं वस्तीत सांगितलं. लोकांनी ते मानलं. मालकांनी त्यावर कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. पाऊस पडून गेल्यावर पत्रे मात्र त्यांनी उतरवले आणि कुणाला तरी देऊन टाकले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

गंमत म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतल्या बायका मला बोलवायला लागल्या. कुणाची डुकरी व्यायला झाली की माझं बोलावणं. मी जायची, जमीन खणायची, दगड मांडायची, वारा कुठून घ्यायचा ते सांगायची. पिल्लं जगायची. डुकरीला हिचा हात लागू द्या, असं त्याच बायका म्हणायच्या ज्या आपलं तान्हं माझ्यासमोर पदराआड घ्यायच्या.

त्यातच शेजारच्या खोपीतली नवी सून एकदा दुपारी आली. तिला आठवा महिना होता. तोंड लाल झालेलं. तिच्या घरी डुकरीच नव्हती. मी विचारलं, काय पायजे?

"अक्का," ती म्हणाली, "तुमी जितं निजत व्हता, ती जागा दाखवा की."

मी तिला आमच्या डुकरीच्या खोपीत नेलं. ती आत गेली, गार मुरमावर बसली आणि रडायला लागली. मी तिला गोणपाट भिजवून दिलं. पुढं दिवस भरल्यावर ती तिथंच बाळंत झाली, कारण मी खोपीच्या दारात घण घेऊन बसले होते. तिची सासू शिव्या देत होती, माझी अत्ता देत होती, मालक लांब उभे होते. मी कुणालाच आत सोडलं नाही.

तिचा मुलगा जगला. मला आनंद झाला असं म्हणायला हवं. पण झाला नाही. ती पोर त्याला घेऊन माझ्याकडं यायची, "अक्का, घ्या की जरा," म्हणून पुढं करायची. मला काम आहे म्हणून मी घण उचलायची. तो चालायला लागेपर्यंत मी त्याला एकदाही हातात घेतलं नाही.