दोन गोधड्या आणि एक मेटल डिटेक्टर

मैत्रिणींनो, शिवणाच्या तासाला एक सुई हरवली की सिस्टर साऱ्या वर्गाला थांबवून ठेवायच्या, आठवतं?

आज नातवाच्या गोधड्या तपासायला अकोल्याहून मेटल डिटेक्टर आणला. हातात धरायचा, स्वस्तातला, पण जवळ नेला की बारीक सुईलाही वाजणारा. आपल्याला एवढा पुरतो.

खरं सांगते, तेल्हाऱ्याच्या विहीणबाईंच्या गोधडीवर तो वाजावा असं वाटत होतं. बाळ तिच्यावरच शांत झोपतं ना!

तिथे गप्प राहिला. माझ्या गोधडीवर वाजला.

"तोंड काहून पाडता, बाई?" विहीणबाई म्हणाल्या. "आना इकडे, मी काढून देतो सुई."

मी सुनेला सांगितलं, त्यांची गोधडी बाळाला घाल. माझी त्यांनाच दे, सुई काढून पांघरू देत. डिटेक्टर मात्र माझ्याकडे ठेव; मी दुसरी शिवायला घेतेय.