रिकामा परत आलेला डबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्ही अण्णांना ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जीभ रेटतेय.

अण्णा म्हणजे माझे वडील. २०२० साली ते आयर्लंडमध्ये वॉटरफोर्डला आमच्याकडे आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. शेजारी डेनिस नावाचा म्हातारा इंग्रज एकटाच राहायचा. कुंपणापलीकडे तो बॅन्जो वाजवायचा, अलीकडे अण्णा उपड्या बादलीवर ठेका धरायचे. भाषा हवी होती कुणाला?

डेनिस सांगायचा — समुद्रकाठच्या थिएटरांत गायला लागलो, मग टीव्हीवर दर शनिवारी माझा कार्यक्रम, नकला, गाणी. पुढे लोकांची आवड बदलली, म्हणून बायकोच्या माहेरगावी आलो. मला पटेना. एवढा मोठा माणूस आमच्या शेजारी? नेटवर त्याचं नाव शोधलं — काही नाही. मग हा इतका गोड का वागतो? माझा स्वभावच तसा — कुणी उगाच हसलं तरी आधी पर्स चाचपते.

अण्णा त्याला लाडवांचा डबा द्यायचे. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे त्यांनी त्याला खुणांनी शिकवलं होतं. कधी सफरचंदं यायची, कधी घरी भाजलेले स्कोन, म्हणजे गोडसर पाव. एकदा डबा त्याने माझ्या हातात दिला. आत एक जुना फोटो — चमचमता कोट घातलेला, बॅन्जोवाला तरुण. मागे लिहिलेलं, 'माझ्या मित्राला'. खाली सही — भलत्याच नावाची! झालं. दुसऱ्याचा फोटो खपवतोय लबाड, असं मी ठरवून टाकलं.

मी — फोटो काढून घेतला. डबा धुऊन अण्णांपुढे ठेवला. म्हटलं, त्याने असाच दिला.

 त्यानंतर बॅन्जो सुरू झाला की अण्णा खिडकी लावून घ्यायचे. डेनिस कुंपणापाशी ताटकळायचा. मी पडद्याआडून बघायचे. मला बरं वाटायचं — हेही सांगते.

हिवाळ्यात डेनिस गेला. चर्चमध्ये मोजक्यांनाच परवानगी, म्हणून शववाहिनी गल्लीतून गेली तेव्हा सगळे आपापल्या दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते. समोरची ब्रीडा म्हणाली, त्याच्या कार्यक्रमासाठी आम्ही जेवण सोडून बसायचो, टीव्हीवर नाव वेगळं होतं त्याचं. तिने सांगितलेलं नाव फोटोवरचंच होतं.

अण्णा घरातच बसून राहिले. तेव्हा तरी सांगता आलं असतं? आलं असतं. फोटो माझ्याच कपाटात होता.

२०२१ मध्ये ते सांगलीला परतले. परवा फोनवर म्हणाले, "त्या डेनिसशी माझंच काहीतरी चुकलं असेल गं."

मी म्हटलं, "असेल, अण्णा."