तो भाग तुटलाच नाही

काल शहागंजात कल्हईवाल्याच्या भट्टीपाशी तापलेल्या धातूचा वास आला आणि मी थेट वाळूजच्या आमच्या जुन्या कारखान्यात जाऊन पोहोचले.

तेव्हा आम्ही दुचाकीचं मागचं चाक धरून ठेवणारा अ‍ॅल्युमिनियमचा भाग ओतायचो. पण त्याच्या पोटात वायूचे बारीक बुडबुडे राहायचे आणि चाचणीच्या यंत्रावर हादरे खाऊन तो जेवणाच्या सुट्टीआधीच तुटायचा. ऑर्डर हातची जायची वेळ आली. शेवटी आम्ही वितळलेल्या रसातून नायट्रोजन सोडला, त्याच्यासोबत आत अडकलेला वायू बाहेर काढला आणि नवा भाग यंत्रावर चढवला.

संध्याकाळी चाचणी बघणारी नसीमा धावत आली. "ताई, हा तर तुटंनाच की! मशीन बिघडलं नाय ना?"

मशीन ठणठणीत होतं. ठरलेले सगळे हादरे खाऊनही भाग शाबूत होता. नसीमानं मला कडकडून मिठी मारली. शिफ्टची बस निघून गेली, तरी आम्ही दोघी तिथंच नाचत होतो.

तेव्हा वाटलं, ऑर्डर वाचली. आता फुलंब्रीच्या रस्त्यानं, खड्ड्यांतून उसळणाऱ्या गाडीवर बापाला बिलगून खिदळत शाळेला निघालेली एखादी पोर दिसते, आणि वाटतं, आम्ही नाचलो ते कमीच होतं.